मदत हवी आहे: आईच्या पायाची जखम भरत नाही

नमस्कार मंडळी, आम्ही ऐरोलीत राहतो. आईला बरीच वर्षं मधुमेह आहे. नव्या चपलेच्या पट्ट्याने अंगठ्याजवळ सोललं, त्याला आता सहा आठवडे झाले. रोज ड्रेसिंग होतं, पण पट्टी सोडली की कडेला पुन्हा तोच पिवळट पू. कल्चर रिपोर्टमध्ये (पूतल्या जंतूंच्या तपासणीत) स्टॅफायलोकोकस ऑरियस हा जंतू आलाय.

वाचताना कळलं की हा जंतू आपली प्रतिकारशक्तीच लंगडी करतो. जंतूला चिकटणाऱ्या अँटिबॉडीच्या ज्या शेपटीला धरून पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, तीच शेपटी त्याचं 'प्रोटीन ए' पकडून ठेवतं. शिवाय ल्युकोसिडिन नावाची विषं सोडून तो त्या पेशींना भोकं पाडतो. त्यात साखर वाढलेली, म्हणजे पेशी आधीच मंदावलेल्या. आई मात्र "माझंच पथ्य चुकलं" म्हणत स्वतःला दोष देते, ते बघवत नाही.

ठाणे-नवी मुंबईत मधुमेहींच्या पायाच्या जखमा बघणारे चांगले डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेलं कुणी असेल तर सांगा, क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकने या विषांची निर्मितीच कमी होते असं वाचलं. आमच्या डॉक्टरांना हे कसं विचारू?