‘डार्केस्ट डंजन’: तुम्हाला काय भावले, काय खटकले?

व्हँकुव्हरच्या ‘रेड हुक’ या गेम कंपनीने जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण स्वरूपात आणलेला हा रॉगलाइक (भुयारे दर वेळी बदलतात आणि मेलेला नायक कायमचा जातो अशा प्रकारचा) व्हिडिओ गेम रक्तपाताने भरलेला असल्यामुळे मुलांसाठी नाहीच, पण मला तो प्रौढांचा वाटतो तो त्यातल्या भीतीने खचत जाणाऱ्या माणसांमुळे. नायकाचा ताण १०० वर गेला की बहुधा त्याचे मन ढासळते, क्वचित तो उलट खंबीर होतो, आणि २०० वर त्याला हृदयविकाराचा झटका येतो. ज्यांनी भुयारे पाहिली आहेत त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत.

———

नायकांची नावे बदलता येतात, म्हणून मी चौघांना कॉलेजच्या मित्रमैत्रिणींची नावे दिली होती. मशाल विझत आली होती, पुढचा योद्धा मरणाच्या दारात उभा होता, आणि जखमा बऱ्या करणारी वेस्टल नेमकी त्याच वेळी खचली. तिने आपली खेळी तशीच सोडून दिली आणि पुढच्याच घावाला तो गेला. सेव्ह आपोआप होत असल्याने मागे जाण्याची सोयच नव्हती. लॅपटॉप मिटून मी बराच वेळ बसून राहिलो आणि त्या रात्री त्या मित्राला फोन केला. एखादा आकडा चढताना पाहून छातीत धडधडावे, हे दुसऱ्या कोणत्याही खेळाने माझ्या बाबतीत केलेले नाही.

———

वरील अनुभवाशी मी सहमत आहे, परंतु या खेळाचा खरा दोष कंटाळा हा आहे. अंतिम भुयारातून जिवंत परतलेले नायक पुन्हा तिथे पाऊल टाकायला तयार नसतात आणि मुरलेले नायक सोप्या मोहिमांवर जात नाहीत; त्यामुळे त्याच त्या बोळांतून नव्या तुकड्या घडवत बसावे लागते. ‘रेडियंट’ या सोप्या पातळीच्या पर्यायात नायक लवकर तयार होतात, तोच नवख्यांनी निवडावा.

———

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे. ढासळलेल्या मनावर ‘संशयी’, ‘हताश’ असा एका शब्दाचा शिक्का बसतो आणि पैसे मोजले की दारूच्या गुत्त्यात किंवा मठात आठवडाभरात ताण उतरतो, हे मला फार उथळ वाटले. तरीही प्रार्थनेने हलका होणारा आणि जुगाराकडे वळणारा असे वेगवेगळे नायक त्यात आहेत, आणि एकाच्या कटू बोलण्याने शेजारच्याचा ताण वाढतो, ही निरीक्षणे अचूक आहेत.