जखमेवरचा पापुद्रा की पटल?

वडगाव, बेळगाव
नमस्कार. एका शब्दापाशी अडले आहे. पुढच्या महिन्यात इथल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीच्या मुलांसमोर माझ्या कामाबद्दल बोलायचं आहे. काम थोडक्यात असं : कोळंबी-खेकड्याच्या कवचात कायटिन असतं, त्यापासून कायटोसान करतात. ते व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळवायचं, काचेच्या चपट्या बशीत ओतायचं, वाळू द्यायचं आणि तळाशी उरलेली पातळ फिल्म सोडवून घ्यायची. ती जखमेवर लावता येते. पण कोरडी असताना दुमडली की मोडते, आणि ओली झाली की फुगून ढिली पडते. म्हणून तिच्यात अगदी थोडं, शंभर भागांत अर्धा-एक भाग, ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजन जोडलेलं ग्राफीन, म्हणजे कार्बनची अतिसूक्ष्म पानं) घालून ताकद आणायची.

मराठीत पहिलं वाक्य लिहिलं : 'नैसर्गिक बहुवारिकांच्या पटलांचे कार्बनी अब्जांश पदार्थांद्वारे प्रबलन'. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'हे कुणाला सांगालीस?' एकही शब्द चुकीचा नाही, तरी वाक्य कुणापर्यंत पोचत नाही. या मुलांना दहावीनंतर विज्ञान मराठीतून ऐकायला मिळणार नाही. हा एक तास मला वाया घालवायचा नाही.

खानापूर (निवृत्त शिक्षक)
'बहुवारिक' ठेवा, पण एकदाच वापरा आणि पुढे 'पॉलिमर' म्हणा. मी वर्गात सांगायचो, 'वारंवार'मधला 'वार' लक्षात ठेवा : एकच घटक वारंवार जोडला जाऊन जी लांब साखळी होते, ती बहुवारिक. मुलांना पटायचं. हिंदीतला 'बहुलक' मात्र चुकूनही घेऊ नका. आपल्या गणिताच्या मराठी पुस्तकांत बहुलक म्हणजे सर्वाधिक वेळा आलेली संख्या. दहावीचा मुलगा 'नैसर्गिक बहुलक' ऐकून संख्याशास्त्रात शिरेल.

फिल्मला 'पटल' हा रूढ शब्द आहे. तो का नको?

वडगाव
सर, तुमचं ऐकून बहुवारिक एकदाच. पटलाबद्दल माझी अडचण अशी. दृष्टिपटल, कर्णपटल, पेशीभोवतीचं प्रद्रव्यपटल ही सगळी शरीराची स्वतःची, जिवंत पटलं. धड्यात मुलं तीच शिकतात. आता मी म्हटलं, 'जखमेवर पटल बसवतात', तर ऐकणाऱ्याला वाटणार की शरीराचाच एखादा भाग लावला. दुसऱ्या कुठल्या विषयात चाललं असतं. वैद्यकात घोटाळा होतो.

निपाणी (औषध दुकान)
ताई, जखमेवर आपोआप येते तिला आपण खपली म्हणतो. 'कृत्रिम खपली' म्हटलं तर? गिऱ्हाईकाला लगेच कळेल.

वडगाव
दादा, कळेल खरं, पण उलटं कळेल. खपली म्हणजे जखम वाळल्याची खूण. 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा लवकर चढते. उघड्या जखमेत नव्या पेशींना वाळलेल्या खपलीखालून वाट काढावी लागते. आमची फिल्म खपली धरू नये म्हणूनच लावायची. तिला खपली म्हटलं तर मुलं नेमकी चुकीची गोष्ट घरी घेऊन जातील.

'साय'चाही विचार केला. पण साय वर धरते, खाली दूध उरतंच. आमच्या बशीत सगळा द्रवच वाळून फिल्म होतो.

शहापूर, बेळगाव
अगं, मांडे विसरलीस? लग्नात मांडे करतात तेव्हा तव्यावरून उचलताना आमची आत्या म्हणायची, 'पापुद्रा फाटू देऊ नको.' हातावर पसरून पसरून इतका पातळ करायचा की पलीकडचं दिसावं, आणि तरी अख्खा निघाला पाहिजे. पापुद्रा म्हणजे पातळ तर खराच, पण सुटून येणारा. कांद्याचा, भाकरीचा, मांड्याचा. चिकटून राहतो तो थर.

वडगाव
काकू, हेच हवं होतं! थर आणि पापुद्रा यांतला हा फरक आमच्या कामात रोज समोर असतो. बशी वाळली की चिमट्याने एक कड उचलायची आणि श्वास धरून हळूहळू ओढायची. नुसत्या कायटोसानचा पापुद्रा फिक्या मधाच्या रंगाचा निघतो. ग्राफीन ऑक्साइड घातलेला कोऱ्या चहासारखा तपकिरी. सुटून आला तर पापुद्रा, नाही आला तर तो बशीवरचा थर, आणि दोन दिवस फुकट.

चंदगड
सीमेपलीकडून बोलतोय, चालेल ना? 'कार्बनी अब्जांश पदार्थ' यात कार्बनला 'कर्ब' म्हणा. शेतकऱ्यांच्या पोरांना 'सेंद्रिय कर्ब' माती परीक्षणामुळे तोंडपाठ असतो. आणि तुमच्याकडच्या कन्नड पुस्तकांत कार्बनला 'इंगाल' आहे, तो तर आपल्या चुलीतल्या इंगळाचा भाऊ.

वडगाव
इंगळ-इंगाल मी नक्की सांगणार. वर्गातली निम्मी मुलं घराबाहेर पडली की कन्नड ऐकतात, त्यांना ही सोयरीक आवडेल. कर्बही घेते.

नॅनोसाठी मात्र मला 'अब्जांश' नको आणि 'नॅनोकण'ही नको. 'कण' म्हटलं की डोळ्यांपुढे रवा येतो. ग्राफीन हा कण नव्हे. ते कर्बाच्या अणूंचं एकपदरी पान आहे, जाडी एक नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या, तिसऱ्या हिश्शाएवढी. 2004 साली आंद्रे गाइम आणि कोन्स्टांटिन नोवोसेलोव यांनी मँचेस्टरमध्ये चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे काढत काढत ते वेगळं केलं, 2010 मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. (पापुद्रा इथेही आला बघा.) 1991 साली सुमिओ इइजिमा यांनी ज्यांचं वर्णन केलं त्या कर्बाच्या नॅनोनळ्याही कण नव्हेत. पानाला किंवा लांब नळीला भोवतालचा पॉलिमर जेवढा धरून राहतो तेवढा गोल कणाला धरत नाही. सगळी ताकद त्या धरून राहण्यात आहे. म्हणून 'नॅनोपानं' आणि 'नॅनोनळ्या' असंच म्हणेन.

खानापूर (गवंडीकाम)
मी शास्त्रातला नाही, पण 'प्रबलन'वर बोलतो. आमच्याकडे मातीच्या भिंतीला चिखल तुडवताना भाताचं पिंजर घालतात. नुसती माती वाळली की भेगाळते. पिंजर घातलं की भेग पुढं सरकत नाही, काडी तिला धरून ठेवते. तुमचंही तेच असलं तर 'पिंजर घातल्यागत' म्हणून सांगा. पण पिंजर नीट पसरलं पाहिजे. एका जाग्याला गोळा राहिला की भिंत तिथंच फुटते.

वडगाव
दादा, तुम्ही शास्त्रातले नाही असं म्हणू नका. तुम्ही शेवटी जे बोललात ते शिकायला मला सहा महिने लागले.

सुरुवातीला मी ग्राफीन ऑक्साइड जास्त घालत होते, जास्त ताकद येईल म्हणून. पापुद्र्यात काळे ठिपके दिसायचे. ओढून बघितलं की तो दर वेळी ठिपक्यापाशीच फाटायचा. कारण साधं आहे. ग्राफीन ऑक्साइडवर ऋण भार, आम्लात विरघळलेल्या कायटोसानवर धन. या ओढीमुळेच दोघांची पकड चांगली बसते, आणि एकदम एकत्र ओतले तर याच ओढीने ते एकमेकांना बिलगून गोळा होतात. याला मराठीत नवा शब्द घडवायची गरजच नाही, 'गुठळी' आहे. उकळत्या पाण्यात कोरडं बेसन टाकलं की पिठल्यात ज्या होतात त्याच. आई आधी गार पाण्यात पीठ कालवून घेते आणि मग ढवळत ढवळत सोडते. मीही आता ग्राफीन ऑक्साइड आधी पाण्यात ध्वनिलहरींनी नीट मोकळं करते आणि मग थेंबाथेंबाने सोडते. पुस्तकी शब्द 'विक्षेपण'. मुलांना मी 'गुठळी न होता कालवणं' म्हणणार.

निपाणी
एक राहिलं. 'जैवसुसंगत' लिहिणार की 'जैव-अनुरूप'? खोक्यांवर दोन्ही दिसत नाहीत, इंग्रजीच असतं.

शहापूर
अंगाला मानवणारा म्हण की सरळ. औषध मानवलं, हवा मानवली, तसं.

वडगाव
काकू, 'मानवणे' माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ते पारिभाषिक शब्दाहून नेमकं आहे. हवा एकाला मानवते, दुसऱ्याला नाही. इथंही तसंच : पदार्थ कोणता, कुठे, किती आणि किती दिवस, यावर ठरतं. कायटोसान त्वचेवर सहसा मानवतं. नॅनोनळ्यांचं तसं सांगता येत नाही. लांब, ताठ नळ्या फुप्फुसात गेल्या तर अॅस्बेस्टॉससारखा त्रास देऊ शकतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं. 2014 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा नळ्यांचा एक प्रकार 'माणसात कर्करोग होण्याची शक्यता' असलेल्या गटात टाकला. पापुद्र्यात पक्क्या बसलेल्या नळ्या आणि हवेत उडणारी त्यांची पूड या वेगळ्या गोष्टी. पण पापुद्रा जखमेवर विरघळू लागला की आतलं बाहेर येणारच, ते अंगाला मानवतं का, हे वेगळं तपासावं लागतं. मुलांना हेही सांगणार. गोड तेवढंच सांगितलं तर ते अर्धवट होईल.

नवं वाक्य असं केलं आहे : 'कोळंबीच्या कवचापासून केलेल्या पापुद्र्यात कर्बाची नॅनोपानं गुठळी न होता कालवली, तर तो ओला झाला तरी फाटत नाही.'

आईला पुन्हा वाचून दाखवलं. आमच्या घरी माग होता, तिने सुताला कैक वर्षं खळ दिली आहे. ती म्हणाली, 'म्हणजे खळच की. खळ दिली की सुतावर पापुद्रा धरतो, मागावर घासलं तरी तुटत नाही.' खळ म्हणजे स्टार्च, स्टार्च म्हणजे नैसर्गिक पॉलिमर. सर, तुमचं बहुवारिक मी आता इथे आणणार, खळीच्या पातेल्यापाशी. वडगाव-शहापुरातल्या मुलांनी ते पातेलं पाहिलेलं असतं.