गलांडा बुडाशी काळा पडून मरतोय, बुरशीनाशक ओतावं का?

अलकापुरी_गच्ची: १२ इंची कुंडीत गलांडा. निम्मी काळी माती, निम्मं शेणखत, दर १५ दिवसांनी चिमूटभर युरिया. पानं लुसलुशीत, फुलं मोजकीच. पावसाची झड लागल्यावर दोन रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. औषध कुठलं?

वाळूतलं_रोप: औषध नंतर, आधी मिश्रण बदला. गलांडा सूर्यफुलाच्या कुळातला, मूळचा मेक्सिको आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातला. तिथे तो किनाऱ्याजवळच्या वाळूतसुद्धा रानफूल म्हणून फुलतो. युरियाने पाला माजतो, फुलं कमी येतात. आपली काळी माती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि बूड कुजतं.

दोन भाग ओरसंग नदीची जाड वाळू (चाळून, गाळ काढून), एक भाग माती, अर्धा भाग मुरलेलं शेणखत. काळ्या मातीत मूठभर वाळू कालवण्यात अर्थ नाही, वाळली की वीट होते. समुद्राची वाळू फुकट मिळाली तरी नको, तिच्यात मीठ असतं. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा. आणि कुंडीखालची ती बशी, गच्चीत सगळ्यांची लाडकी, पावसाळ्यात काढून टाका. कुजलेली रोपं मातीसकट फेका.

बी_बियाणं: नवं बी सप्टेंबरअखेर पेरा. वर मातीचा जाड थर देऊ नका, उगवायला उजेड लागतो. नुसतं दाबून चाळलेल्या वाळूची धूळ भुरभुरा. साधारण ७ ते १४ दिवसांत उगवतं. महिनाभराने, चार-सहा पानांवर, फुटाफुटावर लावा. उन्हात ठेवा, वरची माती दोन बोटं सुकल्याशिवाय पाणी नको. सुकलेली फुलं खुडत राहा, नाहीतर झाड बियांच्या नादी लागतं.

अलकापुरी_गच्ची: उरलेल्या एका रोपाला फुलाऐवजी हिरव्या पानांचा गुच्छच येतोय. तेही पाण्यामुळेच?

वाळूतलं_रोप: नाही, लक्षण तुडतुड्यांनी पसरणाऱ्या रोगाचं दिसतंय. बुरशीनाशक चालत नाही, बरंही होत नाही. मुळासकट उपटून पिशवीत बांधून टाका, शेजारच्या झेंडू-शेवंतीवरही नजर ठेवा. उपटताना हातमोजे घाला, चीक लागून काहींच्या कातडीवर पुरळ येतं.