फेस्टिव्हलला बँड नीट बघायचे कसे? पहिल्यांदाच जातोय (लोलापालूझा, महालक्ष्मी रेसकोर्स)

कृष्णाकाठचा:
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, वय 41. लोलापालूझाचं दोन्ही दिवसांचं तिकीट काढलंय, भाची मुंबईत शिकते तिच्यासोबत जाणार आहे. होस्टेलवर असताना चौघांत एक पीसी होता आणि एमपीथ्रीच्या दोन-तीन सीड्या, त्यावर ग्रीन डे, द स्ट्रोक्स, मेटालिका असं सगळं रात्र रात्र ऐकलंय, पण समोर उभं राहून बँड ऐकायचं कधी जमलंच नाही. स्ट्रोक्स 2023 ला भारतातल्या पहिल्याच लोलापालूझाला येऊन गेले. ग्रीन डे मार्च 2025 ला आले, भारतात पहिल्यांदाच, आणि मी मार्च एंडच्या कामात अडकलेलो. ते अजून टोचतं. म्हणून या खेपेला लाइनअपची (कोण कोण वाजवणार त्या यादीची) वाट न बघता तिकीट काढून मोकळा झालो.

माझा लाइव्हचा अनुभव म्हणजे गणपतीतला ऑर्केस्ट्रा आणि दोनदा सवाई गंधर्व. सवाईला कसं, भारतीय बैठकीत जागा धरली की झालं, एकामागून एक कलाकार येतात, काही चुकत नाही. इथं चार स्टेज आहेत म्हणतात आणि एकाच वेळी दोन-दोन ठिकाणी चालू असणार, मग धावपळ करायची का एका जागी थांबायचं? पुढं उभं राहावं का मागं? आणि भाचीच्या मैत्रिणीचे कान मागं एका कार्यक्रमानंतर दोन दिवस वाजत होते, ते कळल्यापासून ताई मला रोज फोन करतीये. जाणकारांनी जरा सांगा.

दुपारची_मैफल:
दादा, पहिलं सांगते, दुपारी गेट उघडलं की आत जा. संध्याकाळी सहाला येऊन फक्त हेडलायनर, म्हणजे शेवटचा मोठा बँड, बघून जाणारे खूप असतात, त्यांना बँड दिसतच नाही, स्क्रीन दिसते. दोन-तीनला छोट्या स्टेजवर जे वाजवतात त्यांना तुम्ही दहा-बारा फुटांवरून बघू शकता. बेस गिटार वाजवणाऱ्याची बोटं दिसतात, ड्रमर आणि गिटारवाला डोळ्यांनी एकमेकांना काय सांगतात ते दिसतं, गाणं कुठं थांबवायचं हे ते नजरेनं ठरवतात. हे कुठल्याही व्हिडिओत सापडत नाही.

मी 2023 ला ब्लडीवूड तिथंच बघितले. दिल्लीचा मेटल बँड, पण त्यात ढोल आहे. हेवी गिटार चालू असताना ढोलाचा पहिला ठोका पडला ना, तो कानाला नाही, छातीला लागला, आणि आजूबाजूची पोरं ज्यांना मेटल माहीतही नसेल ती भांगड्यासारखी उड्या मारायला लागली. त्याच वर्षी चेन्नईचे द एफ16एस ऐकले, एकदम वेगळा प्रकार, हलकंफुलकं नाचवणारं. दोन्ही बँडची मी तोवर दोन-तीनच गाणी ऐकलेली, आता दोघांचं जवळजवळ सगळं पाठ आहे.

टाइमटेबल दोन-चार दिवस आधी येतं. त्यातले दिवसाला चार बँड असे ठरवा जे पूर्ण बघायचे म्हणजे बघायचेच, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत. बाकी मिळालं तर मिळालं. मी पहिल्या वर्षी पंधरा मिनिटं इथं पंधरा मिनिटं तिथं असं केलं आणि घरी आल्यावर एकाही बँडचा सेट (कार्यक्रम) नीट आठवेना. बँडला सूर लागायला दोन-तीन गाणी जातात, साउंडवाल्यालाही मिक्स बसवायला, म्हणजे सगळ्यांचे आवाज जुळवायला, तेवढा वेळ लागतो, आणि आपण नेमके तेव्हाच उठून चालायला लागतो!

फेडर_वर_बोट:
मी लाइव्ह साउंडचं काम करतो, बारा वर्षं झाली. उभं राहायचं कुठं हा प्रश्न खरंच चांगला आहे, फार कमी लोक विचारतात.

स्टेजसमोर मैदानात एक तंबू किंवा मचाण दिसेल, त्यात साउंड मिक्सर घेऊन माणूस बसलेला असतो, आम्ही त्या जागेला एफओएच (फ्रंट ऑफ हाउस) म्हणतो. त्याच्या थोडं पुढं, मधोमध उभे राहा. तो माणूस त्याच जागेवर जे ऐकू येतं त्यावर सगळं मिक्स करतो, म्हणजे त्या भागात आवाज सर्वात खरा. अगदी बॅरिकेडला टेकलात तर बँड जवळ दिसेल पण मेन स्पीकर तुमच्या डावी-उजवीकडे वर टांगलेले, सबवूफर (जड आवाजाचे स्पीकर) पोटाशी, गायकाचा आवाज बेसखाली दबून जातो. छोट्या स्टेजला पुढं जा, मोठ्या स्टेजला एफओएचपाशी थांबा, मी तरी असंच करतो.

फार मागे राहिलात तर अजून एक गंमत कळेल. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून 100 मीटरवर तुम्हाला ड्रमचा ठोका जवळपास 0.3 सेकंद उशिरा ऐकू येतो. काठी आधी पडलेली दिसते, आवाज नंतर. म्हणून मैदानाच्या मध्ये जे जादा स्पीकरचे टॉवर लावतात त्यांना आम्ही मुद्दाम तेवढाच उशीर देतो, नाहीतर पुढचा आणि मधला आवाज एकमेकांत मिसळून नुसता चिखल होईल.

आता कान. ताईंचं बरोबर आहे, हे मनावर घ्या. कामाच्या जागी 85 डेसिबल आठ तास ही मर्यादा धरतात आणि पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, त्या हिशोबाने 100 डेसिबलला 15 मिनिटं. स्टेजजवळ 100 सहज जातो. कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, माझ्या डाव्या कानात चार वर्षं झाली शिट्टी वाजतीये, रात्री पंखा लावल्याशिवाय झोप लागत नाही. तेव्हा मला कुणी सांगितलं नाही म्हणून तुम्हाला सांगतोय.

संगीतासाठी फिल्टरवाले इअरप्लग मिळतात ते घ्या, खालचा-वरचा सगळा आवाज सारखा कमी होतो. मेडिकलमधले फोमचे पण चालतात, फक्त झांजांचा वगैरे वरच्या पट्टीतला आवाज जास्त कापतात. फोमचा नीट घालायचा: दोन बोटांत वळून अगदी बारीक काडीसारखा करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. बरेच लोक नुसता तोंडाशी अडकवतात, त्याचा उपयोग नाही.

रंगभवनचा_कट्टा:
कृष्णाकाठ, तुझं वाचून भरून आलं. मी 57 वर्षांचा. आमच्या वेळी धोबीतलावला रंगभवनात आय-रॉक (इंडिपेंडन्स रॉक, आपल्या रॉक बँडचा फेस्टिव्हल) व्हायचं, 1986 ला सुरू झालं ते. मी डोंबिवलीवरून मित्रांसोबत जायचो. इंडस क्रीड या बँडचं नाव रॉक मशीन होतं तेव्हापासून त्यांना ऐकतोय. परदेशी बँड इकडं येणं म्हणजे क्वचितच, त्यामुळे आपल्या पोरांनी आपल्यासमोर स्वतःची गाणी वाजवली की अंगावर काटा यायचा. शेजारी कॉलेज, हॉस्पिटलं, पुढं तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातलं वाजवणं बंद झालं. 2022 ला आय-रॉक माझगावला परत आलं तेव्हा मुलाला घेऊन गेलो. त्याच्या शेजारी उभा राहून मी ओरडून गायलो, तो माझ्याकडं बघतच राहिला.

41 काही वय नाही. पाय दुखतील पण, तेव्हा नवे बूट घालून जाऊ नकोस, पाणी पीत राहा, मध्ये गवतावर बसून घे.

दुपारची_मैफल:
काकांना अनुमोदन. दादा, पाण्याचं लक्षात ठेवाच, मागे एका फेस्टिव्हलला (नाव नको) पाण्याच्या रांगेत माझा अर्धा सेट गेला, तेव्हापासून बँड संपल्यावर नाही, बँड चालू व्हायच्या आधी बाटली भरून घेते. मागच्या वेळी आत रोख चालत नव्हती, मनगटावरच्या पट्ट्यात पैसे भरावे लागत, ते दुपारीच भरा. रात्री दहाच्या सुमारास संपतं, सगळे एकदम महालक्ष्मी स्टेशनकडे निघतात, अर्धा तास मैदानातच बसून राहा. आणि रविवारी दुपारी येताना लोकलचा ब्लॉक आहे का ते आधी बघा.

कृष्णाकाठचा:
एवढं सगळं मनापासून लिहिलंत, खूप आभार. फेडरभाऊ, तुमच्या कानाचं वाचून वाईट वाटलं. आत्ताच भाचीला फोन केला, दिवसाला चार बँड ती दोन निवडणार मी दोन, आणि तिनं निवडलेले मी एकही ऐकलेले नाहीत, आजपासून बसमध्ये ऐकायला सुरुवात करतो. ताईला इअरप्लगचं सांगितलं, ती म्हणाली भाचीच्या मैत्रिणीसाठी पण एक जोड घे.