मदत हवी आहे: रोटरी इंजिन नव्याने बांधून झालं, आता ताकद कशाने वाढवावी?

चिकलठाणा_लेथ

नमस्कार मंडळी,

गाडी माझदा आरएक्स-8, 2006 ची, सहा गिअरची मॅन्युअल. इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात. भारतात कंपनीने ही कधी विकली नाही. पहिल्या मालकाने त्या काळी नवीकोरी बाहेरून मागवली होती आणि माझ्याकडे ती पुण्याहून आली. गरम असताना बंद केली की पुन्हा सुरू व्हायचं नाव नाही. रोटरी पाहिलेल्यांना एवढ्यावरून पुढचं कळेल: कम्प्रेशन गेलेलं.

इंजिन उघडलं तर एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) झिजलेले, मागच्या रोटरचे साइड सील कार्बनने जाम. सील, स्प्रिंगा, पाण्याचे ओ-रिंग, बेअरिंग असं सगळं नवं घातलं. रोटर हाऊसिंग जुनीच ठेवली, कारण स्पार्क प्लगच्या भोकांजवळचं क्रोम शाबूत होतं. साइड प्लेटा लॅप करून (घासून सपाट) घेतल्या. रनिंग-इन झालंय. रोटरीच्या टेस्टरवर पुढच्या रोटरचं कम्प्रेशन 7.6, 7.7, 7.5 आणि मागच्याचं 7.4, 7.3, 7.5 किलो प्रति चौ. सेंमी आलं, 250 आरपीएमला धरून. कंपनीची खालची मर्यादा 6.9 आहे, म्हणजे काळजी नाही.

आता मूळ दुखणं. समृद्धीवर जालन्याकडे जाताना किंवा वेरूळच्या घाटात, चार हजारांच्या पुढे जी ओढ लागायला हवी ती लागत नाही. साठ-सत्तर एचपी वाढवावेत असं मनात आहे. डोक्यात तीन वाटा आहेत: टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर हवा कोंबणारा), सुपरचार्जर (तेच काम, पण इंजिनच्या पट्ट्यावर), किंवा हे इंजिन विकून आरएक्स-7 चं टर्बोवालं इंजिन, 13बी-आरईडब्ल्यू. बजेट कस्टम्स धरून सहा लाख, त्याच्या वर घरात युद्ध होईल. गाडी मे महिन्यातही चालवतो, हे लक्षात घेऊन सांगा.

लातूर_एक्स्प्रेस

सहा लाखात व्ही8 टाका भौ, मोकळे व्हा.

चिकलठाणा_लेथ

हौ, आणि आरटीओत कोण जाणार, तुम्ही?

जुना_फिटर

गंमत बाजूला ठेवू. इंजिनचा प्रकारच बदलायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं) आडवं येतं. 13बी-आरईडब्ल्यू टाकलं तरी तेच, इंजिनचा नंबर कागदांशी जुळत नाही. शिवाय विमा कंपनीला कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी हात वर. त्यामुळे माझ्या मते तिसरी वाट बादच धरा. (टर्बो-सुपरचार्जरही कागदावर बदलच आहे, ते पुन्हा विचारून घ्या.)

दुसरं, लॅपिंगनंतर प्लेटा परत नायट्राइड केल्या का? लॅप करताना वरचा कडक थर निघून जातो. तो नसेल तर साइड सील बीडाच्या मऊ पृष्ठभागावर घासत राहतील आणि बूस्ट (दाबाने भरलेली हवा) आल्यावर ते लवकर बोलतील.

चिकलठाणा_लेथ

केल्या. वाळूजला हीट ट्रीटमेंटवाला आहे, त्याच्याकडून गॅस नायट्रायडिंग. त्याला आधी वाटलं डायच्या प्लेटा आहेत.

मस्कत_रिटर्न

मी आखातात असताना टर्बोवाली आरएक्स-7 चालवली आहे, म्हणून टर्बोच्या बाजूने बोलतो. रोटरीच्या एक्झॉस्टमध्ये जेवढी उष्णता आणि जोर असतो तेवढा साध्या पिस्टन इंजिनात नसतो. टर्बोसाठी ते फुकटचं इंधन आहे. सुपरचार्जर फिरवायला शाफ्टचीच ताकद खर्च होते. पाच-सहा पीएसआय बूस्टवर थांबलात, चांगला इंटरकूलर लावला, तर साठ-सत्तर एचपी आरामात.

जुना_फिटर

तुमची आरएक्स-7 वेगळी आणि यांचं रेनेसिस (आरएक्स-8 चं इंजिन) वेगळं. 13बी-आरईडब्ल्यूचा एक्झॉस्ट पोर्ट रोटर हाऊसिंगमध्ये असतो, वायू सरळ बाहेर. रेनेसिसचे पोर्ट साइड प्लेटांमध्ये आहेत, आणि मधल्या प्लेटमध्ये दोन्ही रोटरचा वायू एकाच वाटेने निघतो. ती प्लेट आधीच सगळ्यात तापलेली. त्यापुढे टर्बो बसवला की बॅक प्रेशर वाढतं आणि उष्णता तिथेच तुंबते. कम्प्रेशन रेशोही बघा, तुमचं 9, यांचं 10. नॉकिंग (इंधन अवेळी धडाक्याने पेटणं) लवकर सुरू होतं. रोटरीत एकदा जोराचं नॉकिंग झालं की एपेक्स सीलचा तुकडा पडतो, आणि तो जाताना हाऊसिंग खरवडून टर्बोच्या पात्यांवरच आदळतो.

धागाकर्त्यांना एक विचारतो. ओढ नाही म्हणता, पण गाडी आज कंपनीएवढी ताकद देते हे तपासलंय का? तुमच्या सहा इनटेक पोर्टवाल्या इंजिनचा आकडा 231 पीएस, 8200 आरपीएमला; टॉर्क 211 न्यूटन मीटर, तोही 5500 ला. म्हणजे चार हजारांवर ती मुळातच फार ओढणारी नाही. वर आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे हवा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ. मे महिन्यात 42 अंशांची हवा आत गेली की आणखी पाच टक्के. पंचवीसेक घोडे असेच गेले, इंजिनचा काही दोष नसताना.

आणि सगळ्यात आधी इनटेकचे व्हॉल्व्ह बघा, आरपीएम वाढेल तशी हवेची वाट बदलणारे. एसएसव्ही साधारण 3750 ला उघडतो, एपीव्ही 6250 च्या आसपास, व्हीडीआय त्याच्याही वर. यातला एक जरी कार्बनने किंवा व्हॅक्यूम गळतीने अडकला तरी इंजिन त्या टप्प्यापासून गुदमरतं. तुम्ही जो टप्पा सांगताय तो मला एसएसव्हीचा वाटतो.

बीड_बायपास

+1. सोबत प्लगला स्पार्क देणाऱ्या कॉइल पण तपासा. आरएक्स-8 च्या कॉइल हे ठरलेलं दुखणं आहे, आणि कमजोर स्पार्कमुळे न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (कॅट) जाऊन ते चोंदतं. चोंदलेल्या कॅटवर टर्बो लावणारे मी पाहिलेत. काय बोलायचं.

चिकलठाणा_लेथ

फिटर काका, पाया पडतो. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन बघितलं. एसएसव्हीच्या अ‍ॅक्च्युएटरला जाणारी नळी सोलेनॉइडपाशी तडकलेली, मॅनिफोल्डच्या खाली असल्याने वरून दिसत नव्हती. नळी बदलली, व्हॉल्व्ह साफ केला. चारही कॉइल नव्या टाकल्या. कॅटच्या मागेपुढे प्रेशर मोजलं, ते ठीक आहे.

चार हजारांवर आता गाडी वेगळीच आहे. तरी खरं सांगतो, साठ नाही तर तीस-चाळीस एचपीची हाव सुटत नाही. टर्बो मी मनातून काढला. सुपरचार्जरबद्दल बोला.

जुना_फिटर

हाव असू द्या, पण आधी पेट्रोलचं बोलू. कुठलं भरता?

चिकलठाणा_लेथ

95 ऑक्टेन. त्याच्या वरचं इथे रोज मिळेल असं धरून चालत नाही. आणि दर टाकीला टू-स्ट्रोकचं 2टी तेल, लिटरला पाच मिलीच्या हिशेबाने. लूनाच्या काळातली सवय कामाला आली.

मस्कत_रिटर्न

टर्बो काढलात, वाईट वाटलं, पण फिटर काकांचा मधल्या प्लेटचा मुद्दा मान्य. पेट्रोलमधल्या इथेनॉलचं मी सांगतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते, ई20 ला (वीस टक्के इथेनॉलवाल्याला) साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के जास्त इंधन. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरलेल्या तक्त्यावर चालतो, तिथे तक्ता जुन्या पेट्रोलचा असेल तर मिश्रण पातळ. नुसत्या इंजिनवर ते एकवेळ खपतं, बूस्टमध्ये सील जातात. इथेनॉलने नॉकिंगला थोडी मदतच होते, पण त्याचा फायदा नीट ट्यून केलेल्या गाडीला.

म्हणून सुपरचार्जर घेताना नुसता ब्लोअर आणि पट्टा घेऊ नका. मोठे इंजेक्टर, जास्त दाबाचा पंप (या गाडीत इंधनाची परतीची लाइन नसते, पंप मुळातच जेमतेम), मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर, आणि आपल्याच पंपाच्या पेट्रोलवर डायनोला (ताकद मोजायच्या मशीनवर) ट्यूनिंग. सहा लाखातले निम्मे यातच जातील.

लातूर_एक्स्प्रेस

आणि समृद्धीवर मर्यादा 120 ची, ते विसरू नका. कॅमेरे टर्बो का सुपरचार्जर विचारत नाहीत.

चिकलठाणा_लेथ

घाटासाठीच पाहिजे हो. फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचा शेवटचा गिअर रेशो) बदलणारेही भेटले, पण मूळचाच 4.444 आहे, आणखी लहान गिअरिंग केलं तर हायवेवर कान फुटतील.

मग सेंट्रिफ्युगल घ्यावा की रूट्ससारखा (कमी आरपीएमपासूनच हवा ढकलणारा)? सेंट्रिफ्युगल स्वस्त पडतोय.

जुना_फिटर

सेंट्रिफ्युगलचा बूस्ट आरपीएमबरोबर चढतो. तुमच्या इंजिनला वरती ताकद आहेच, कमी आहे ती खाली. त्यामुळे माझं मत रूट्स किंवा स्क्रूच्या बाजूने, सहा पीएसआयच्या आत. मात्र तो हवा जास्त तापवतो, आपल्या उन्हाळ्यात इंटरकूलरशिवाय विचारसुद्धा करू नका. पुली निवडताना ब्लोअरचा वेग इंजिनच्या नऊ हजार आरपीएमवर मोजा, सहा हजारांवर नाही. तिथे बरेच फसतात.

पण त्याआधी तेल. रोटरीत रोटर आतून तेलानेच थंड होतात, त्यामुळे उष्णतेचा मोठा वाटा तेलात जातो. तुमच्या गाडीला ऑइल कूलर किती आहेत? बंपर काढून दोन्ही बाजूंना चाकांसमोर बघा. काही मॉडेलना एकच दिलेला असतो.

चिकलठाणा_लेथ

आत्ताच खाली वाकून टॉर्चने बघितलं. एकच आहे.

जुना_फिटर

मग दुसरा बसवा, तेलाचं तापमान दाखवणारा गेज लावा, आणि हा मे त्याच्यावर काढा. ब्लोअरची ऑर्डर त्यानंतर. तेव्हा गेजचे आकडे इथेच टाका, पुलीचा हिशेब मिळून करू.