मनगटातील तुटलेली नस पुन्हा वाढते, मग मेरुरज्जू का वाढत नाही?

माडबाग (प्रश्न)

नमस्कार. खिडकीची काच फुटून माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या मनगटावर खोल जखम झाली आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना संवेदना देणारी मीडियन नस पूर्ण तुटली. शल्यचिकित्सकांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती जोडली आहे. दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने ती वाढेल आणि बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचायला किमान सहा महिने लागतील, असे त्यांनी सांगितले. आमच्या वाडीतील एक काका काही वर्षांपूर्वी माडावरून पडले होते. त्यांच्या मणक्यांची शस्त्रक्रिया झाली, हाडे जुळून आली, परंतु छातीखालच्या अंगात आजही संवेदना नाही.

दोन्हीकडे इजा झाली ती चेतापेशींनाच. मग मनगटात जे घडते ते पाठीच्या कण्यात का घडत नाही? मेरुरज्जूतील पेशी मुळातच वेगळ्या असतात का? शिवाय नस जोडलेली असताना पलीकडचा भाग लगेच काम का करू लागत नाही, हेही मला उमगलेले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

शारीरिका

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते. आपला शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यातूनच बाकीच्यांची उत्तरे निघतात.

तर्जनीच्या टोकाला झालेला स्पर्श ज्या चेतापेशीमुळे कळतो, तिचे मुख्य अंग बोटात नसतेच. ते मानेच्या मणक्यांलगतच्या एका लहानशा गाठीत असते आणि तिथून निघालेला एकच अक्षतंतू, म्हणजे पेशीचा लांब धागा, खांदा, दंड व मनगट पार करून बोटापर्यंत जातो. तो मनगटात तुटला की पलीकडच्या तुकड्याचा पेशीशी संबंध संपतो आणि तो काही दिवसांत विघटित होतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे प्रथम दाखवले. त्यामुळे शल्यचिकित्सक जे जोडतात ते तंतू नसून नसेची आवरणे असतात. तंतूला अलीकडच्या टोकापासून नव्याने वाढतच जावे लागते.

ही वाढ शक्य होते ती श्वॉन पेशींमुळे. एरवी तंतूभोवती मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन गुंडाळण्याचे काम या पेशी करतात. तंतू तुटल्यावर त्या आपले काम बदलतात: भक्षक पेशींच्या मदतीने जुन्या मायलिनचा कचरा काही आठवड्यांत साफ करतात, तुटलेल्या तंतूभोवतीच्या जुन्या नळीसारख्या आवरणात रांगेने उभ्या राहतात आणि वाढीला चालना देणारी प्रथिने स्रवतात. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर १७-१८ सेंटिमीटर असते. म्हणजे डॉक्टरांनी दिलेला सहा महिन्यांचा हिशेब बरोबर आहे.

मेंदू आणि मेरुरज्जू यांत श्वॉन पेशी नसतात. तिथे मायलिनचे काम ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी करतात आणि इजेनंतर त्या मदतीला येत नाहीत. जुन्या मायलिनचा कचरा दीर्घकाळ तसाच पडून राहतो, त्यातील काही प्रथिने वाढ थेट रोखतात आणि भोवतीच्या ॲस्ट्रोसाइट पेशी जखमेच्या जागी दाट व्रण तयार करतात. थोडक्यात, मुख्य फरक परिसराचा आहे. याचा मला सर्वांत पटणारा पुरावा आल्बर्ट अग्वायो आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८१ मध्ये माँट्रियल येथे दिला. त्यांनी उंदरांमध्ये पायाच्या नसेचा तुकडा मेंदूचा तळ आणि मेरुरज्जू यांच्यामध्ये पुलासारखा बसवला, तेव्हा जे तंतू एरवी हलत नाहीत ते या तुकड्यातून सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. दुसऱ्या टोकाला पुन्हा मेरुरज्जूत शिरल्यावर मात्र थोड्याच अंतरावर ते थांबले.

तंतुवाद्य

शारीरिका यांच्या उत्तराला एक महत्त्वाची जोड द्यावीशी वाटते, कारण सगळा दोष परिसरावर टाकला तर चित्र अपुरे राहते. मानेजवळच्या ज्या पेशीचा त्यांनी उल्लेख केला, तिला दोन फांद्या असतात: एक बोटाकडे जाते, दुसरी मेरुरज्जूत शिरते. पेशी एकच, तरीही पहिली फांदी तुटली तर वाढते आणि दुसरी सहसा वाढत नाही. परंतु उंदरांमध्ये पहिली फांदी आधी कापून ठेवली, तर दुसरीचीही वाढण्याची शक्ती वाढलेली दिसते, म्हणजे पेशीच्या आतील तयारीचाही यात वाटा आहे.

काकांच्या बाबतीत इजेची जागा निर्णायक ठरली असावी. प्रौढ माणसाचा मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली केवळ चेतामुळांचा जुडगा असतो. ही मुळे बाहेरच्या नसांसारखी वागतात, म्हणून कमरेच्या खालच्या भागातील इजेत सुधारणेची शक्यता तुलनेने अधिक असते. छातीच्या पातळीवर मात्र इजा खुद्द मेरुरज्जूला होते.

हस्तोपचार

मी हातांच्या रुग्णांसाठी फिजिओथेरपी करतो. ज्या स्नायूची नस तुटली आहे तो साधारण वर्ष-दीड वर्ष वाट पाहू शकतो. त्यानंतर तंतू पोहोचला तरी स्नायू पुरेसा उपयोगी राहत नाही. भावाची इजा मनगटात असल्यामुळे अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूंचे अंतर थोडेच आहे, ही जमेची बाजू आहे.

मला खरी काळजी वाटते ती भाजण्याची. बधिर बोटांना गरम पातेल्याचा चटका कळत नाही आणि जखम दिसेपर्यंत उशीर होतो. कुष्ठरोगाचा जंतू श्वॉन पेशींमध्येच वस्ती करतो, त्यामुळे हात असेच बधिर होतात. त्या रुग्णांचे हात प्रामुख्याने अशाच न कळलेल्या जखमांनी झिजतात, आणि म्हणून रोज हात डोळ्यांनी तपासण्याची सवय त्यांना लावली जाते. भावानेही ती लावून घ्यावी.

त्याचा हात कोमट पाण्यात काही वेळ ठेवून पाहा. करंगळीच्या टोकाला सुरकुत्या पडतील, परंतु तर्जनी गुळगुळीत राहील. या सुरकुत्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने पडतात आणि ते काम स्वायत्त (आपल्या इच्छेविना चालणाऱ्या) चेतासंस्थेचे तंतू करतात. तेही त्याच नसेतून जातात.

माडबाग

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पाण्याचा प्रयोग केला, अगदी तसेच घडले. एकच शंका उरली आहे: तळहातावर टिचकी मारली की बोटांत मुंग्या येतात, असे भाऊ म्हणतो. हे चांगले लक्षण समजावे का?

हस्तोपचार

होय. वाढत्या तंतूच्या कोवळ्या टोकावर टिचकी पडली की अशा मुंग्या येतात. जर्मनीचे हॉफमन आणि फ्रान्सचे टिनेल यांनी १९१५ मध्ये, महायुद्धातील जखमींच्या काळात, हे लक्षण स्वतंत्रपणे नोंदवले. मुंग्या येण्याची जागा दर महिन्याला साधारण अडीच-तीन सेंटिमीटर पुढे सरकत असेल तर तंतू वाढत आहेत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती जागा पेनाने खूण करून दाखवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे भाऊ घाबरणार नाही. काही तंतू चुकीच्या नळीत शिरतात, त्यामुळे संवेदना परतल्यावर तर्जनीला स्पर्श केला तरी मधल्या बोटाला झाल्यासारखे वाटू शकते. त्या वेळी डोळे मिटून आणि मग उघडून नाणे, किल्ली, कापसाचा बोळा अशा वस्तू ओळखण्याचा सराव रोज करून घ्यावा लागतो. तो मेंदूला हे बदललेले संकेत ओळखायला शिकवण्यासाठी असतो आणि प्रौढ माणसाला त्यासाठी कित्येक महिने द्यावे लागतात.