देवगिरीच्या यादवांचा द्वारकेचा दावा: वंश म्हणून धरायचा की बिरुद म्हणून?

सेऊणदेश:

देवगिरीचे यादव स्वतःला 'द्वारावतीपुरवराधीश्वर', म्हणजे द्वारका या श्रेष्ठ नगरीचे अधिपती, म्हणवत, म्हणून ते कृष्णाच्या द्वारकेहून आले, हे विधान अजूनही सर्रास वाचायला मिळतं. माझं मत असं की हे बिरुद आहे, वंशाचा पुरावा नाही. सविस्तर वंशावळ येते ती हेमाद्रीच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'तल्या व्रतखंडातल्या राजप्रशस्तीत. हेमाद्री हा महादेव यादवाचा (१२६१ ते १२७१) आणि पुढे रामचंद्राचा श्रीकरणाधिप (राजदफ्तराचा प्रमुख), म्हणजे दरबारचाच माणूस. घराण्याचा पहिला ऐतिहासिक पुरुष दृढप्रहार हा साधारण इसवी सन ८६० च्या सुमाराचा धरतात. दोघांत चारशे वर्षांचं अंतर आहे, आणि यादी लिहिली गेली ती सत्ता शिखरावर असताना.

त्या राजप्रशस्तीचा सांधा नेमका कुठे आहे ते पाहा. चंद्रापासून यदू, पुढे कृष्ण, प्रद्युम्न, अनिरुद्ध, वज्र, प्रतिबाहू, सुबाहू अशी पौराणिक यादी येते. सुबाहू सार्वभौम राजा होता, त्याने चार मुलांत राज्य वाटलं, त्यातल्या दृढप्रहाराला दक्षिण मिळाली. आता भागवताच्या दशम स्कंधाचा शेवट काढा. वज्र, प्रतिबाहू, सुबाहू इथपर्यंत क्रम तोच, पण सुबाहूचा मुलगा शांतसेन. दृढप्रहार नाही. म्हणजे कृष्णानंतरच्या पाचव्या पिढीला नवव्या शतकातला नाशिककडचा सरदार जोडून दिला आहे. मधली सगळी शतकं एका श्लोकात गिळली आहेत.

गोदाकाठ:

सांध्याबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल अजिबात नाही. तुम्ही सगळं हेमाद्रीच्या माथी मारताय. संगमनेर ताम्रपट दुसऱ्या भिल्लमाचा आहे, शके ९२२, म्हणजे इसवी सन १०००. त्या वेळी भिल्लम कोण होता? कल्याणीच्या चालुक्यांचा महासामंत. देवगिरी वसायला अजून पावणेदोनशेहून जास्त वर्षं आहेत. तरीही त्या पटात घराणं यादव वंशाचंच म्हटलं आहे. हेमाद्रीच्या अडीचशे वर्षं आधी! तेव्हा 'सत्ता आली आणि वंश बनवला' ही सरळ रेघ इथे चालत नाही.

आणि 'पुरवराधीश्वर' या बिरुदांचा एक नेम आहे. मान्यखेटाहून राज्य करणारे राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, लट्टलूर म्हणजे लातूर. शिलाहार 'तगरपुरवराधीश्वर', तगर म्हणजे तेर. या दोन्ही ठिकाणी अभ्यासक ते नाव मूळ गाव म्हणून निमूटपणे मान्य करतात. मग यादवांच्याच बाबतीत तेच बिरुद एकदम पोकळ कसं ठरतं?

सेऊणदेश:

पुरवराधीश्वराचा मुद्दा खरोखर चांगला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. लातूर आणि तेर ही दख्खनमधली, त्या घराण्यांच्या वावराच्या टापूतली गावं. तिथून निघालेल्या कुळाने ते नाव जपलं, हे सहज पटतं. द्वारावतीचं तसं नाही, कारण तेच बिरुद होयसळही लावतात. होयसळांची स्वतःची कथा त्यांचा मूळपुरुष सळ याने वाघ मारल्याची, आणि ती घडते कर्नाटकातल्या मलनाडातल्या सोसेवूरला, आजच्या अंगडीला. भिल्लम पाचवा आणि होयसळ दुसरा बल्लाळ ११९० च्या आसपास गदगजवळच्या सोरटूरला एकमेकांशी लढले, तेव्हा दोन्ही बाजूंचे राजे यादव आणि दोन्ही द्वारावतीचे अधिपती! एक नाशिककडून वर आलेला, दुसरा कर्नाटकातल्या सह्याद्रीकडून. गाव म्हणून वाचलं तर दोघांपैकी निदान एकाचा दावा पडतो. बिरुद म्हणून वाचलं तर दोन्ही समजतात.

संगमनेर ताम्रपटाबद्दल: 'यादव' हा शब्द इसवी सन १००० मध्ये आहे, मान्य. पण तो शब्द त्या काळी दख्खनमध्ये कुठून आला होता तेही बघायला हवं. तिसऱ्या गोविंदाचा वणी-दिंडोरी ताम्रपट शके ७३० चा, म्हणजे ८०७-०८ चा. त्यात म्हटलंय की कृष्णाच्या जन्माने यादव वंश जसा शत्रूंना अलंघ्य झाला, तसा या राजाच्या जन्माने राष्ट्रकूट वंश झाला. ही निव्वळ उपमा आहे. दहाव्या शतकात, तिसऱ्या इंद्राच्या ताम्रपटांपर्यंत येता येता तेच राष्ट्रकूट यदूच्या वंशातले झालेले असतात. शंभर-सव्वाशे वर्षांत 'यादवांसारखे'चं 'यादव' झालं. सेऊणांचा, म्हणजे याच यादव घराण्याचा, वद्दिग हा राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा मांडलिक. मालकाच्या घरात जी भाषा चालते तीच मांडलिकाच्या ताम्रपटात उतरते.

अक्षरवाटिका:

नावांकडे कोणी वळलंच नाही. धाडियप्प, राजुगी, वद्दिग, वेसुगी. बायकांत लच्छियव्वा. 'अप्प' आणि 'अव्वा' हे कानडी प्रत्यय डोळ्यांसमोर असताना घराणं मथुरा-द्वारकेहून आलं म्हणायचं? हे मूळचं कानडी घराणं आहे, एवढी साधी गोष्ट आपल्याकडे अस्मितेपायी मान्य केली जात नाही.

गोदाकाठ:

@अक्षरवाटिका, अस्मिता बाजूला ठेवूनही हा पुरावा वाटतो तितका पक्का नाही. दुसऱ्या भिल्लमाची राणी लच्छियव्वा ही शिलाहार झंझाची मुलगी आणि आईकडून राष्ट्रकूट रक्ताची. तिचं नाव माहेरचं आहे. वद्दिगाची राणी राष्ट्रकूट धोरप्पाची मुलगी. आणि 'वद्दिग' हे नाव तर राष्ट्रकूट तिसऱ्या अमोघवर्षाचंच, बद्दिग. मुलाला अधिराजाचं किंवा आजोळचं नाव ठेवायची रीत सगळीकडे होती. या नावांवरून दरबाराची भाषा आणि सोयरीक कळते, मूळ कळत नाही.

उलट पहिल्या दोन पिढ्या पाहा: दृढप्रहार, सेऊणचंद्र. दोन्ही संस्कृत. कानडी वळणाची नावं येतात ती राष्ट्रकूटांशी संबंध जुळल्यावर.

अक्षरवाटिका:

पहिल्या दोन पिढ्यांची नावं आपल्याला कळतात ती नंतरच्या लेखांतून. संस्कृतात लिहिणारा कवी मूळपुरुषाचं नाव संस्कृतच करणार. 'दृढप्रहार' हे नाव कमी, पदवी जास्त वाटते. सोयरिकीचा मुद्दा मात्र मान्य. 'मूळचं कानडी' असं ठाम म्हणण्याऐवजी 'कानडी दरबारी वर्तुळात वाढलेलं' असं म्हणायला हवं होतं. आणि मराठीच्या बाजूनेही तारखा पाहाव्यात: चाळीसगावजवळच्या पाटणचा लेख शके ११२८ चा, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाबद्दलचा, त्यात संस्कृतासोबत मराठी आहे. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा लेख शके ११९५ नंतरचा. म्हणजे मराठी लेख येतात ते घराणं सार्वभौम झाल्यावर.

पंचांगी:

वादात नाही पडत, पण तारखांबद्दल एक खबरदारी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र पौष ते फाल्गुन यांतल्या बहुतेक तिथींना ७९ मिळवावे लागतात, कारण जानेवारी उलटलेला असतो. पहिली चाचणी संवत्सराची. दक्षिणी गणनेत साठ संवत्सरांचं चक्र अखंड चालतं. शके १९४२ (२०२०-२१) शार्वरी होतं. त्यातून ९२२ वजा करा: १०२०, म्हणजे बरोबर १७ चक्रं. म्हणून शके ९२२ लाही शार्वरीच. याच घराण्यातल्या दुसऱ्या सेऊणचंद्राचा वसईचा ताम्रपट शके ९९१ चा. ६९ वर्षं पुढे म्हणजे एक चक्र आणि नऊ, शार्वरीपासून नववं सौम्य. ताम्रपटावर शक आणि संवत्सर जुळत नसेल तर आधी वाचनातली चूक शोधावी, मग तिथी-वार पाहावा, मग अक्षरवळण, आणि सगळ्यात शेवटी 'बनावट' म्हणावं. लोक उलट क्रमाने जातात आणि चांगला पट फुकट बदनाम होतो.

सिंदखेड-वाचक:

मग सिंदखेडच्या जाधवांचं काय? यादव-जादव-जाधव हा बदल भाषेच्या नियमात बसतो. यात्रेची जत्रा होते, यंत्राचं जंतर होतं. जिजाऊंचं माहेर यादवकुळातलं, ही परंपरा जुनी आहे. तिलाही बिरुदच म्हणणार का?

सेऊणदेश:

परंपरेचा आदर आहेच, पण शब्दाचा प्रवास आणि रक्ताचा प्रवास या वेगळ्या गोष्टी आहेत. जत्रेचा नियम 'जाधव' आडनावाच्या प्रत्येक घराला लागू होतो, एकट्या सिंदखेडला नाही. देवगिरीचा शेवटचा यादव हरपाळदेव याचा अंत १३१८ च्या सुमारास, लखुजी जाधवरावांची दौलताबादला हत्या १६२९ मध्ये. अंतर ३११ वर्षं. पिढी २५ ते ३० वर्षांची धरली तर दहा ते बारा नावं लागतात. त्यातली प्रत्येक कडी त्या-त्या काळच्या कागदात, वतनपत्रात किंवा लेखात स्वतंत्र सापडली तर दावा सिद्ध. नंतर एका बैठकीत लिहिलेली अख्खी यादी तेवढं वजन उचलत नाही.

आणि राजांची यादी म्हणजे पिढ्यांची यादी नव्हे, इथे फार जण घसरतात. सिंघणानंतर नातू कृष्ण गादीवर येतो, मधला जैतुगी आधीच वारलेला. कृष्णानंतर भाऊ महादेव, मग महादेवाचा मुलगा आमण, त्याला पाडून कृष्णाचा मुलगा रामचंद्र. राजे पाच, पिढ्या चार, आणि त्यातल्या एका पिढीने राज्यच केलं नाही.

गोदाकाठ:

कड्यांची अट योग्य आहे. फक्त तीच अट वापरून तुम्ही 'द्वारका नाहीच' असंही म्हणू शकत नाही, 'सिद्ध नाही' एवढंच म्हणता येतं.

एक धागा राहून गेला. जिनप्रभसूरीच्या 'विविधतीर्थकल्पा'त, चौदाव्या शतकात, नाशिकच्या प्रकरणात वेगळीच हकिकत आहे. द्वारावती जळाली तेव्हा वज्रकुमाराची गर्भार पत्नी वाचली, तिचा मुलगा दृढप्रहारी. त्याने चोरांनी पळवलेली गुरं सोडवून आणली आणि लोकांनी त्याला तलारपद दिलं, म्हणजे नगररक्षकाचं काम. द्वारका इथेही आहे, पण सार्वभौम बाप नाही, राज्याची वाटणी नाही. दरबाराबाहेरच्या जैन परंपरेला हा मूळपुरुष गुरं राखणारा कोतवाल म्हणून आठवतो. हेमाद्रीने हे लिहिलं नसतं.

सेऊणदेश:

तलारपदाचा भाग मी हेमाद्रीपेक्षा जास्त विश्वासाने घेईन. घराण्याला कमीपणा आणणारा तपशील कोणी मुद्दाम घडवत नाही, आणि राष्ट्रकूट काळाच्या मध्यात चांदवडच्या घाटात गुरं आणि वाटा राखणाऱ्या माणसाला वजन येणं साहजिक आहे. जुन्या लेखात त्याची राजधानी चंद्रादित्यपूर येते, ती चांदवडच मानतात. हेमाद्री मात्र श्रीनगर म्हणतो. राजधानीबद्दलही दोन साधनं जुळत नाहीत, तर द्वारकेबद्दल जुळतात ते दोघांनीही एकच पुराण वाचलंय म्हणून.

गोदाकाठ:

किंवा दोघांनीही एकच आठवण ऐकलीय म्हणून. वसईच्या पटातला दृढप्रहाराचा भाग आणि जैन कथा शेजारी ठेवून ओळीओळीने वाचायला हव्यात. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी मूळ पाठ देतो.